आबांच्या रुपयाचा टाक

आबा, तुमचा चांदीचा रुपया आम्ही वितळवला. आधीच सांगून टाकते, नाहीतर माझं पाल्हाळ लागेल आणि हेच राहून जाईल. आई म्हणते, ही सवय मी बापाकडूनच उचलली.

आटपाडीकडचं कोरडं रान सोडून तुम्ही दूर दक्षिणेत चांदी गाळायला गेलात. एका सुट्टीत आम्ही तिथे आलो होतो. तुम्ही भट्टीपुढे बसलायत, मुशीत लोकांनी मोडीत काढलेले जुने रुपये. बघता बघता दाढीवाल्या राजाचा मुकुट सैल पडतो, नाक जातं, आणि नुसतं पांढरं पाणी लकाकत राहतं. "आबा, राजा कुठं गेला?" मी विचारते. तुम्ही हसता. "त्यो गेला. चांदी हाय न्हवं? मग झालं." त्यातलाच एक रुपया विकत घेऊन, कडी लावून तुम्ही आईला दिलात. पुढच्या वर्षी तुम्ही तिकडेच वारलात. फोटो काढायला तुम्ही कधी उभेच राहिला नव्हता.

पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर वाचलं, रुपया हा शब्द 'रूप्य'वरून आला. रूप्य म्हणजे आकृती उमटवलेली चांदी. नेपाळ, श्रीलंका, पार इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत हाच शब्द थोडाफार बदलून चालतो. मी थक्कच झाले. एवढे समुद्र ओलांडलेला शब्द आईच्या गळ्यात दोऱ्याला लोंबत होता, आणि ती खुशाल भाकऱ्या थापत होती.

यंदा तिने हट्ट धरला. पितरांचा असतो तसा चांदीच्या पत्र्यावरचा तुमचा टाक देव्हाऱ्यात हवा, आणि तोही याच रुपयाचा. मी भांडले. तुमच्या हातची एवढी एकच वस्तू उरली होती. ती म्हणाली, "आगं, कुठल्या परक्या राजाचं त्वांड जलमभर गळ्यात वागवलं म्या. आता तितं ह्यास्नी येऊं दे." मग मीच तिच्या गळ्यातला दोरा सोडला.

विट्याच्या सोनाराने रुपया वितळवला, पत्रा केला, ठशावर ठेवून ठोकला. पागोटं घातलेला माणूस उमटला, सगळ्यांच्या टाकावर असतो तसाच. सोनाराने तो आईच्या तळहातावर ठेवला. तिने पाहिलं आणि भर दुकानात लगबगीने डोक्यावर पदर ओढला. ती तुमच्यासमोर उभी होती.

हे पत्र टाकायचं कुठे? तरी एक सांगते, आईला सांगितलेलं नाही. तुमचा चेहरा मला कित्येक वर्षं आठवत नव्हता. आता डोळे मिटले की तो पागोट्यातला माणूस येतो, आणि मी त्यालाच आबा म्हणते.