दोन पिकअप आणि एक शंका

ता. २ मार्च

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माणसे विचार न करता बोलतात असे म्हणून तुम्ही फोन घेत नाही. म्हणून हे पत्र. माझ्या बेस गिटारच्या तारांखाली बसून कंप टिपणारे दोन्ही पिकअप मी बदलले. रॉकला लागतो तसा जाड, गुरगुरणारा आवाज हवा होता. निघतो तो रिकामा डबा बडवल्यासारखा. तारा नव्या घातल्या, बटणे बदलली, पुन्हा वेगळे पिकअप आणले. पालथ्या घड्यावर पाणी! आमचा ड्रमवाला म्हणतो, चौदा तारखेच्या, शनिवारच्या रेकॉर्डिंगपर्यंत आवाज बसला नाही तर दुसरा वादक तयार आहे. सहा वर्षे वाजवतेय मी या मंडळींबरोबर. बाबा म्हणाले, माझ्या भावाने तर्कशास्त्र शिकवण्यात हयात घालवली, त्याला विचार. लोभ आहेच, उत्तरही असावे.

आपली,
टिटवी

ता. ५ मार्च

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. एका दमात तीन गोष्टी बदलल्यावर दोष कोणाच्या माथी मारणार? मला चुंबकातले ओ की ठो कळत नाही. परंतु साक्षीदारांची तपासणी एकेकट्याने करतात, एवढे कळते. एका वेळी एकच पिकअप चालू ठेव आणि ऐकू येईल तेच लिही. मत नको. प्रकृतीस जपावे, संतापाला आवरावे.

तुझा,
काका

ता. ८ मार्च

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तपासणी झाली. एकेकटे दोघेही वाघ. जोडीने लावले की मांजर. दुकानदार म्हणाला, वायरी उलट्या लागल्या असतील. म्हणून दोन्ही पिकअपच्या वायरी उलटवून नव्याने डाग दिले. बोट भाजले, आवाज जैसे थे. सहा दिवस उरलेत. या वेळी कृपा करून प्रश्न नको, उत्तर धाडा.

वैतागलेली,
टिटवी

ता. १२ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आशीर्वाद.

एकेकटे निर्दोष आणि एकत्र सदोष; म्हणजे दोष दोघांपैकी कोणातही नाही, दोघांच्या नात्यात आहे. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खर्जाचे सूर मधल्यामध्ये मरतात. तू दोघांनाही उलटवलेस. चढणारा उतरू लागला, उतरणारा चढू लागला, जमले कुठे? एकाच्याच वायरी उलटव. दोघांचे आपसांत पटत नसावे ही शंका मला पहिल्याच पत्रावरून आली होती. परंतु पुराव्याविना लिहिणे प्रशस्त वाटले नाही. मुद्द्यांचा क्रम मनासारखा लागेना, म्हणून हे पत्रही दोनदा लिहिले. यश येवो.

तुझा,
काका

ता. १६ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र आज, सोमवारी हाती पडले. एकाच्याच वायरी उलटवल्या. काका, कपाटाच्या काचा थरथरल्या! इतके दिवस डोक्यात होता तो आवाज खोलीत आला. आणि शनिवारी माझ्या जागी दुसराच वाजवून गेला. ड्रमवाल्याने त्यालाच कायम केले. शंका आली होती तर लिहायची होती की! चुकली असती तर माझे आणखी एक बोट भाजले असते, एवढेच. बाबा म्हणतात, वडीलधाऱ्यांना असे लिहू नये. लिहिले. नमस्कार मात्र खरा.

टिटवी

ता. १८ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझा आरोप दोनदा वाचला. त्यात फट सापडली नाही. मी ज्याला सावधपणा समजत होतो तो दुराग्रह होता, आणि त्यापायी तुझी जागा गेली. ती परत मिळवून देणे माझ्या हाती नाही. मिळेल असे खोटे सांगणार नाही. सहा वर्षांत तुझे वाजवणे मी एकदाही ऐकलेले नाही. रविवारी दुपारी ऐकायला येतो. तुझे वाजवणे मला आवडेल. पुरावा काहीच नाही, तरी लिहून टाकतो.

तुझा,
काका