तिसरी शिफारस

प्रिय लंबू,

वर्षभराच्या अबोल्यानंतर माझं पत्र बघून दचकू नकोस. आधी बातम्या. आईचा गुडघा बरा आहे, जीभ तर त्याहून बरी. मी अजून आपल्या मातीच्या प्रयोगशाळेतच मदतनीस आहे. नमुन्यांचे डबे अजून कपाटावरच असतात आणि मी स्टुलावर चढून ते काढते. तू होतास तेव्हा तुझ्या उंचीचा तेवढा एक उपयोग होता. माती वाळवायचा तो म्हातारा ओव्हन अखेर भंगारात गेला. हमाल त्याला ढकलत नेत होते आणि मला, हसू नकोस, रडू आलं.

त्याचा काटा एकशे पाच अंश दाखवायचा, माती मात्र पुरती वाळायची नाही. सगळे म्हणायचे, हवाच दमट आहे. मी आत दुसरा थर्मामीटर ठेवला, तर पारा अठ्ठ्याऐंशीवर. मग चार महिने खपून दोनशे बारा नमुने पुन्हा वाळवले, पुन्हा तोलले. तू तेव्हा परदेशी प्रवेशाच्या परीक्षांमध्ये बुडालेला होतास आणि मी तुझ्यात.

मग शिफारसपत्राची वेळ आली. प्रयोगशाळेच्या सरांची पद्धत तुला ठाऊकच आहे: मजकूर तूच आण, मी सही करतो. तुला स्वतःबद्दल दोन ओळींपलीकडे सुचेना, म्हणून मी लिहायला बसले. राग मानू नकोस, पण तुझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नव्हतं रे. तेव्हा ओव्हनच तुला देऊन टाकला. थर्मामीटर, दोनशे बारा नमुने, सगळं. तू वाचून म्हणालास, हे जरा जास्त होतंय. मी म्हटलं, गप्प बैस. सरांनी न वाचता सही ठोकली आणि तू पीएचडीला गेलास. पुढे तुझे फोन आटले, त्यावरून आज भांडत नाही.

मागच्या वर्षी मीही पीएचडीसाठी अर्ज केले. त्याच सरांच्या सहीने तोच ओव्हन पुन्हा कसा चालवणार? तो वगळला आणि उरलंसुरलं लिहिलं. स्वतःचं कौतुक करायला हात धजेना, तेव्हा काय लिहावं मी? शांत, आज्ञाधारक, मनमिळाऊ. सहा विद्यापीठांनी नकार कळवला. बरोबरच केलं त्यांनी. असलं वर्णन स्थळ सुचवायला ठीक, संशोधनाला काय कामाचं.

आई म्हणते, एकदा डोकं आपटलंस ना, आता पुन्हा तीच भिंत कशाला? हातात काम आहे, पुरे की. मला ते पुरे नाही. मला पीएचडी करायचीच आहे, आणि माझ्या कामाच्या जोरावर करायची आहे. म्हणून गेल्या आठवड्यात माझी वही घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, या वेळी तुम्हीच लिहा आणि खरं लिहा. त्यांनी वही चाळली, तुझ्या पत्राची प्रत काढून पहिल्यांदाच वाचली आणि म्हणाले, एकच काम दोघांच्या नावावर लिहिलं तर माझी सही खोटी ठरेल. मी म्हटलं, ती आधीच खोटी ठरली आहे सर, आणि ते पाप माझं आहे. त्यांनी मला दार दाखवलं. वही माझ्याजवळच आहे, पानापानावर तारीख आणि माझं किरटं अक्षर.

आज सकाळी अर्ज पाठवला. एकाच ठिकाणी, तुझ्याच विभागात. मातीच्या ओलाव्यावर मला हवं तसं काम तिथेच चालतं. तू तिथे आहेस हा नुसता ताप आहे. अर्जातल्या निबंधात ओव्हनचं सगळं सांगितलंय, तुझ्या पत्रात ते मीच घुसडलं तेही. यावर त्यांनी दार तोंडावर आपटलं तरी चालेल, शांत आणि आज्ञाधारक म्हणून मी पुन्हा कुठे जाणार नाही. दोन शिफारशी आपल्याला एमएस्सीला शिकवणाऱ्या बाईंनी आणि सांख्यिकीच्या सरांनी दिल्या, स्वतः लिहून. तिसरी सोबत काम केलेल्या कुणाचीही चालते. तिथे मी तुझं नाव टाकलंय, तुला न विचारता. तुला विभागाकडून मेल येईल. बारा दिवसांची मुदत आहे. खरं लिहिलंस तर तुला उत्तरं द्यावी लागतील, हे मला कळतं. काहीच लिहिलं नाहीस तर माझा अर्ज अपुरा म्हणून बाद होईल. मजकूर या वेळी मी लिहून देणार नाही.

एके काळी तुझीच, आता माझीच,
लवंगी