धनश्रीच्या हळदीची गाणी, कानात मशीन घालून ऐकलेली

कोसाड, सुरत

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांवर बन्सीलालचं डोकं. इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि सुषमाची पोरं कशी आहेत ते याच क्रमाने कळव. फोनवर माझं नाव दिसलं की तू फोन सुनेच्या हातात देऊन गोठ्यात जातेस, म्हणून पत्र लिहितोय. वाचून दाखवणारही सुषमाच, हे ठाऊक आहे. (सुषमा, कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही. ते तुझ्या-माझ्यात.)

तर बातमी अशी, की मला ऐकू येऊ लागलंय. धनश्रीने हट्टाने कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, लूमवर किती वर्षं? मी त्यांचे ओठ वाचून सांगितलं, तेहतीस. ते म्हणाले, मग जेवढं उरलंय तेच पुष्कळ. आता कानात शेंगदाण्याएवढं मशीन बसवलंय. ते लावून घरी आलो तेव्हा कळलं, की तुझी भावजय मंगला भाजी चिरताना सारखी मला बोलत असते. बरीच वर्षं बोलत असावी. (सुषमा, हे मामींच्या कानावर घालू नको. मला आधीचीच शांतता बरी होती.)

धनश्रीचं लग्न ठरल्याचं पत्रिकेवरून कळलंच असेल. हळदीला वाजवायची चाळीस गाणी तिने माझ्या मोबाइलमध्ये भरून दिली आणि बजावलं, बाबा, सगळी ऐका आणि नकोत ती सांगा. रिकामा माणूस मी, बसलो ऐकत. पहिलंच गाणं आमच्या खात्यातलं, म्हणजे लूमच्या कारखान्यातलं निघालं. शेठने खांबाला भोंगा टांगला होता, त्यातून हे रोज वाजायचं. चोवीस लूम खडखडत असताना शब्द कुणाला कळणार? चाल तेवढी पोचायची. मी ते आनंदाचं समजत होतो. आमच्या पोराच्या, गजेंद्रच्या बारशाला गुणगुणलो, नव्या खोलीत गॅस पेटवला तेव्हाही गुणगुणलो. आता नीट ऐकलं, तर तो माणूस पहिल्या ओळीपासून जीव द्यायला निघालेला. आणि आक्का, लूमशिवाय ते गाणं मला अगदी उघडंबोडकं वाटलं. मांडीवर खटक-खटक ठेका धरला तेव्हा कुठे ते दिवस परत आले. अंगावर सुताची धूळ, डब्यात गार भाकरी, आणि एका खोलीत आम्ही नऊजण, सगळे आपल्याच तालुक्यातले. फार आठवण आली सगळ्यांची. डोळे पुसले. (मंगलाला सांगितलं, कांदा. कांदा तिच्याकडे होता.)

मग गरबा लागला. तो सुरू झाला की पाहुण्याचं जेवण उरकतं, पण गरबा उरकत नाही. पण त्यात बासरी आहे! इतक्या नवरात्री सुरतेत काढल्या आणि बासरी असते हे मला यंदा कळलं. पुढचं गाणं समोरच्या रामजीभाऊंकडे चौदा एप्रिलला वाजतं ते. त्यांची विशाखा धनश्रीची मैत्रीण, तिने घालायला लावलं. ते सुरू झालं आणि मी खाटेवरून उठून उभा राहिलो. का ते विचारू नको, त्या आवाजापुढे बसवेना. नंतर एक पंजाबी. शब्द एकही कळला नाही, पण माणूस उपाशी असावा आणि शेजाऱ्यावर चिडलेला. जावई म्हणे यावर नाचत येणार. शेवटी नवी अहिराणी गाणी. गाणारा दर दोन ओळींनी स्वतःचं नाव नि गाव सांगतो. नावं ठेवायची म्हणून मी तोंड वाकडं करून बसलो, पण खाली पाय आपला आपला हलत होता. तो नेमका मंगलाने पाहिला.

चाळीस संपली, तेव्हा लक्षात आलं की हळद लावतानाचं गाणं त्यात नाहीच. मी धनश्रीला विचारलं. इकडची पोरं आत्याला फुई म्हणतात, तशी ती म्हणाली, "बाबा, ती जागा फुईसाठी रिकामी ठेवलीय."

आता गजेंद्रच्या हळदीचं बोलतो. (सुषमा, इथून पुढे कंस नाहीत. सावकाश आणि मोठ्याने वाच.) सहा वर्षं मी भाऊबंदांत सांगत आलो, की डीजेवाल्याने घाई केली. त्याचा काही दोष नव्हता. आक्का, तू गात होतीस आणि मला ऐकू येत नव्हतं. ओठ दिसले असते तर वाचले असते, लूमवाल्याला तेवढं येतंच. पण तू लहानपणापासून तोंडाशी पदर धरून गातेस. मला वाटलं, तू नुसती हळदीची वाटी घेऊन थांबलीस आणि पाहुणे ताटकळलेत. मीच हात वर करून डीजे सुरू करायला लावला. मग तू पदर खाली केलास आणि म्हणालीस, "तुले माना आवाज बी नको का, भाऊ?" ते मात्र मी ओठांवरून पुरतं वाचलं.

तिथेच सांगायला हवं होतं. पण भरल्या मांडवात बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटली. शिवाय लूमवर अजून चार वर्षं काढायची होती, शेठला कळलं असतं तर घरी बसवलं असतं. नोकरी राहिली, बहीण गेली. चुकलं माझं.

गुडघ्यांना तेल लावत जा. पोरांना आशीर्वाद. वडीलधारं म्हणून आता तुझ्याशिवाय मला कुणी उरलेलं नाही.

तुझा,
बन्स्या

ता.क. हळद एकवीस तारखेला संध्याकाळी. गजेंद्र उधना स्टेशनवर घ्यायला येईल, रिक्षा थेट दारापर्यंत येते. तेव्हा गुडघ्यांचं कारण चालणार नाही, आणि म्हशीचं तर नाहीच.

आणखी ता.क. डीजे येणार आहे, धनश्रीच्या मैत्रिणी ऐकेनात. पण तुझं गाणं संपेपर्यंत मंगला त्याच्या बटणाशी खुर्ची टाकून बसणार आहे. तिला ओलांडून जाईल असा माणूस अजून सुरतेत आलेला नाही.

शेवटचं. तू नाही आलीस तर मी रागावणार नाही, तो हक्क मला नाही. फक्त त्या संध्याकाळी मशीन काढून डबीत ठेवीन. मग डीजेवाल्याने खुशाल वाजवावं.