खुर्ची हणमंतरावांनी उचलावी

मी, पारूबाई भ्रतार ज्ञानोबा सोनकांबळे, वय अंदाजे शहात्तर, शिक्षण दुसरी, राहणार तळेवाडी, ता. शिरूर अनंतपाळ, जि. लातूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर हाय. छाती तेवढी न्हाई. लातूरच्या डॉक्टरनं फोटो बघून नुसती मान हलवली, म्हणून आजच बसले. अक्षर नात धम्मप्रियाचं, बोलणं माझं. तिनं एकही शब्द गोड करायचा न्हाई.

१. भीमनगरातल्या दोन खोल्या मुलगा प्रेम यास. पत्रे गळतात. पुण्याहून फोनवर "कशी हायेस" विचारल्यानं ते थांबत न्हाईत.

२. शिलाई मशीन सून पंचशीला हिस. तेल घालत जावं.

३. नवऱ्याची काळी ट्रंक, दोन पदकं आणि फौजेचं डिस्चार्ज पुस्तक धम्मप्रियास. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा डावा कान गेला. पुढं उदगीरला गोदामावर सतरा वर्षं रखवाली केली. तिथं लोक "ए वॉचमन" म्हणून हाक मारायचे आणि त्यानं ऐकलं न्हाई की माजोरडा म्हणायचे.

४. तो गेल्यावर गावानं मला दिलेल्या नऊ शाली थंडीत शेळ्यांवर टाकाव्यात. बॅनरवर "शहीद ज्ञानोबा" छापलं होतं. माझा नवरा दम्यानं मेला, खाटेवर, मला शिव्या देत. आता पंचायत त्याची खुर्ची काचेच्या कपाटात ठेवायला मागते. देऊ नये.

५. खुर्चीचं असं. दर पंधरा ऑगस्टला शाळेत ज्ञानोबाला पुढच्या रांगेत बसवायचे. नव्व्याण्णव साली सरपंच हणमंतराव बिरादार म्हणाले, "ज्ञानोबा, ऊठ जरा, पाहुणे आलेत." तो उठला आणि मागं पाण्याच्या हौदापाशी उभा राहिला. पुढच्या साली उदगीरहून लोखंडी घडीची खुर्ची आणली. तवापासून इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं आणि डोक्यावर खुर्ची, असा शाळेत जायचा. मला लाज वाटायची. लोक हसायचे, पण त्याच्या खुर्चीवरून त्याला कुणी उठवलं न्हाई.

मग हणमंतरावांचाच मुलगा वीरेश फौजेत गेला आणि सुरुंगावर पाय ठेवून आला. पहिल्या साली जीपमधून मिरवणूक, ढोल, गुलाल. तिसऱ्या साली तेच पोरगं कुबडी घेऊन त्याच हौदापाशी उभं. ज्ञानोबा उठला, खुर्ची मागं नेली. म्हणाला, "बस." वीरेश म्हणाला, "उस्ताद, तुम्ही बसा." झेंडा वर गेला, भाषणं झाली, दोघंबी उभे आणि खुर्ची रिकामी. त्या हिवाळ्यात ज्ञानोबा गेला. सहा वर्षं झाली, त्या खुर्चीवर मी पापड वाळवते. वीरेश अजून हौदापाशीच उभा असतो.

सदर खुर्ची मी वीरेश यास देते. अट एक. ती माझ्या घरापासून शाळेपर्यंत, भर वस्तीतून, हणमंतरावांनी स्वतः डोक्यावर न्यावी. जमत नसंल तर भंगारवाल्यास द्यावी.

हे कलम परस्पर कळायला नको, म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावलं. धम्मप्रियानं वाचून दाखवलं. हणमंतरावांनी दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, "पारूबाई, परवा पंधरा ऑगस्ट हाय. तुमच्या मरायची वाट कवर बघू?"

मी म्हणाले, "मग न्या आजच. थांबा, डोक्याला चुंबळ देते."

खुर्ची गेली तरी कलम पाच खोडू नये. राहू द्यावं.

मुक्काम तळेवाडी, दि. १३ ऑगस्ट २०२५

पारूबाई सोनकांबळे (सही येते, अंगठा घेऊ नये)

साक्षीदार :
१) किशनराव गुरुजी, निवृत्त शिक्षक
२) हणमंतराव बिरादार, माजी सरपंच (सही करून खुर्ची घेऊन गेले)