मला अधिकृतरीत्या काहीच ठाऊक नाही

गिरगाव,
सोमवार

ती. दुर्गाताईस,

गंगाधरचा नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच घातलेला साष्टांग समजून घे.) तुझी शुगर कशी आहे? भावजींना म्हणावं, नाशिकची थंडी अंगावर काढू नका. आपले तात्या ठणठणीत आहेत, म्हणजे मला रोज ओरडण्याइतके. तुझी भावजय बकुळा बरी आहे. आमच्या नूपुरबद्दल मात्र मला अधिकृतरीत्या काहीच ठाऊक नाही, हे आधीच लिहून ठेवतो. फोन केला नाही, कारण इथल्या भिंती तुला माहीत आहेत.

पत्रास कारण तुझे चिरंजीव. सौमित्र पंधरा दिवस आमच्याकडे राहिला, त्याबद्दल तक्रार नाही. पोरगा गुणाचा, ताटात पडेल ते खातो. पण ताई, तू त्याला शिकायला घातलंस तरी काय? मी समजत होतो कॉम्प्युटर. तर म्हणे, कोणाला काय ठाऊक आहे, आणि अमक्याला ते ठाऊक आहे हे तमक्याला ठाऊक आहे का, याचं गणित मांडायचं तर्कशास्त्र. यावर डॉक्टरेट देतात! मग आमच्या जिन्यासमोरच्या जाईबाईंना ती घरपोच द्यायला हवी. (तुझं लग्न ठरल्याचं तुला त्यांच्याकडूनच कळलं होतं ना?)

तर ऐक. नूपुर तिच्या ऑफिसातल्या अभयशी, म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्या मुलाशी, रजिस्टर लग्न करणार आहे, हे मला जाईबाईंनी सांगितलं. ‘भाऊ, तुम्हालाच म्हणून सांगते.’ वर शपथ घातली. मी गप्प बसलो. एक तर तात्यांची धास्ती (जावई आपल्यातलाच हवा, हे ते टीव्हीलासुद्धा सांगतात), आणि दुसरं म्हणजे, कळलंय असं कबूल केलं की बापाला चिडणं भाग पडतं. मला चिडायला जमेना. अभय दर शनिवारी नूपुरचा लॅपटॉप दुरुस्त करायला येतो. त्या लॅपटॉपसाठी बकुळा कोथिंबीर वड्या करते. तात्या त्याला शेजारी बसवून मॅच बघतात आणि तो गेला की घर सुनं वाटतं म्हणतात. लॅपटॉप काही दुरुस्त होत नाही आणि नवा घे असं कोणी म्हणत नाही. मला तो मुलगा आवडतो, ताई. लिहून टाकलं एकदाचं.

सौमित्रने हे दोन दिवसांत हेरलं. जाईबाईंनी ‘तुम्हालाच म्हणून’ घरात प्रत्येकाला गाठलं असणार, असं त्याचं गणित सांगत होतं. सगळ्यांना ठाऊक, पण दुसऱ्याला ठाऊक आहे याचा कोणालाच पत्ता नाही. यावर उपाय एकच म्हणे: जे प्रत्येकाला ठाऊक आहे तेच सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायचं. म्हणून काल जेवताना, पानात गरम पुरी पडत असताना, या शहाण्याने जाहीर केलं की या घरात निदान एकाला तरी नूपुरचं गुपित ठाऊक आहे. आता एकेकाने हिशेब लावून कबूल व्हायचं, असं त्याच्या पुस्तकात आहे. झालं काय? बकुळा दूध उतू जातंय म्हणून उठली (गॅसवर दूध नव्हतं). तात्यांनी कानातलं मशीन काढून ठेवलं. नूपुरला ठसका लागला. आणि मी, तुझा सख्खा भाऊ, विचारता झालो, ‘काय गं, बढती मिळाली का?’ सौमित्रच्या शास्त्रातली माणसं अचूक तर्क करतात आणि खरं बोलतात. आमच्याकडे पहिलं सगळ्यांना जमतं.

दुपारी एकेक जण त्याला गॅलरीत गाठू लागला. आधी बकुळा, मग तात्या (मशीन पुन्हा कानात), शेवटी मी. मी तरी विचारलं की तो एक कोण, आणि विचारल्याचं कोणाला सांगू नकोस अशी शपथ घातली. आमच्या आधीच्यांनीही दुसरं काय केलं असणार! बिचाऱ्याला आता सगळं ठाऊक आहे आणि बोलता काहीच येत नाही. संध्याकाळी त्याने बॅग भरली. म्हणाला, मामा, कागदावरची माणसं बरी.

हसू नकोस. लग्न पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आहे आणि लगेच दोघं बंगळूरला नोकरीला जाणार. नूपुर मला बोलावू शकत नाही, कारण मला ठाऊक नाही. मी येतो म्हणू शकत नाही, कारण मला ठाऊक नाही. आज सकाळी चहा देताना पोरगी म्हणाली, ‘बाबा, त्या शुक्रवारी तुम्ही घरीच आहात ना?’ आणि मी गाढव म्हणालो, ‘मी कुठे जाणार!’ तिचं तोंड एवढंसं झालं गं. एकुलत्या एका लेकीच्या लग्नाच्या दिवशी मी घरात बसून बातम्या बघायच्या का?

असो. भावजींना नमस्कार.

तुझा,
गंगाधर

ता. क. येत्या रविवारी जेवणाच्या वेळी फोन कर. मी तो चुकून स्पीकरवर टाकीन. ‘नूपुरचं लग्न ठरलं आणि मला सांगायची पद्धत नाही?’ म्हणून मला झाप. आवाज तुझा आहेच. मला धक्का बसेल. मग मी थोडा चिडेन. ताक येईपर्यंत चिडू दे, नंतर आवर.

आणखी एक. रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन ठरलेत आणि तिसऱ्याचं अजून जमत नाहीये, असं जाईबाईंकडून (मलाच म्हणून) कळलं. तेव्हा फोन ठेवण्याआधी नूपुरला एवढं सांग, की तुझ्या बाबांचा हात अजून थरथरत नाही आणि सही चांगली येते.