इंजिन एकीचे, चेसिस दुसरीची

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. गॅरेजमध्ये कुंड्या ठेवायची तिची जुनी इच्छा तिने खुशाल पुरी करावी. ते बघायला मी नसेन, ही एक सोय आहे.

२. पाने, व्हाइस आणि पुलर मुलीला. पैकी बेअरिंग उपसायचा मोठा पुलर समोरच्या इलेक्ट्रिशियनकडे आहे. ‘आत्ता आणून देतो’ म्हणून नेला होता. तो वसूल करावा. जावईबापूंना पुसायचे फडके द्यावे. माणूस लाखात एक, पण नट आवळायला बसला की आटे घालवल्याशिवाय उठत नाही.

३. आता मुद्द्याचे. माझी जुनी मोटारसायकल मुलीला द्यायची आहे. माझ्यानंतर गाडीची कदर करील अशी घरात तीच एक. अडचण अशी की कागदोपत्री गाडी माझी नाहीच.

तरुणपणी मी आणि माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, भंगारवाल्याकडून एकाच बनावटीच्या दोन गाड्या आणल्या. कागद एकीचेही नव्हते. घाई अशी की दोन्ही एकाच ताडपत्रीवर खोलल्या आणि पुन्हा जोडल्या. शेवटी तीन बोल्ट उरले. ते कोणाच्या गाडीचे यावरून जुंपली, ती पार एकमेकांच्या अकलेपर्यंत गेली. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

परवा मुलीने गाडी आरटीओत नोंदणीला नेली, मी मागे बसून गेलो. या बनावटीत इंजिनावर आणि चेसिसवर एकच नंबर असतो. तिथल्या साहेबांनी ग्रीस खरवडले आणि मला म्हणाले, “काका, इंजिन एका गाडीचं, चेसिस दुसरीची. वर्षाअखेरपर्यंत जुळवून आणा, नाहीतर गाडी भंगारात जाईल.” आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे नंबर मी घासून पाहिले. स्वतःच्या गाडीचा पाहायचे सुचले नाही.

४. सबब, माझ्या गाडीतले इंजिन मी दादाला देतो, या अटीवर की त्याने त्याच्याकडचे इंजिन मुलीला द्यावे. हे जिवंतपणी करायचे तर त्याचे दार वाजवावे लागेल. त्यापेक्षा मरणे सोपे वाटते. वर्षाअखेरपर्यंत मी मरेनच याची खात्री नाही, हा या योजनेतला दोष मुलीने दाखवून दिला आहे.

दादाची मला फार आठवण येते. हे कलमात बसत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. तरी राहू द्यावे.

५. दुरुस्ती. साक्षीदार दोन लागतात. एक वकीलबाईंचे कारकून. दुसरा आणायला मुलगी गेली आणि दादालाच घेऊन आली. त्याने उभ्या उभ्या कलम चार वाचले.

“ज्यांना काही मिळणार आहे, त्यांनी साक्षीला सही करू नये,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग मला काही नको. सही करतो,” दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “आणि इंजिनासाठी तू मरायची वाट कशाला बघायची रे? माझी गाडी बाहेर उभी आहे. काढ पाने.”

सबब कलम चार रद्द.

ठिकाण: गॅरेजची फरशी.
तारीख: इंजिने उतरवली ती, म्हणजे आजची.

सही: लिहून देणार. (सहीवरचा डाग ग्रीसचा आहे, खाडाखोड समजू नये.)

साक्षीदार १: कारकून.

साक्षीदार २: थोरला भाऊ, सख्खा. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तेव्हा तो रडत होता. मी रडत नव्हतो, असे कारकुनांनी लिहावे.