गिझर चालू

मंगळवार, १८ नोव्हेंबर. बनारस, संध्याकाळ

मला राग आलाय की हसू येतंय, अजून ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी आई घाटाच्या पायऱ्यांवर घसरली, तेव्हा गंगेवर जाणार नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. न्हाणीघरात गिझर बसवला आणि तो माझ्या फोनला जोडला. तेव्हापासून पुण्यात रोज पहाटे साडेपाचला निरोप येतो, 'गिझर चालू'. आई उठली, आता गरम पाण्यानं अंघोळ करेल, असं म्हणून मी कूस बदलते.

आज मी इथेच होते. आईनं गिझरचं बटण दाबलं, लोटा आणि कोरडी साडी घेतली आणि सरळ जिना उतरू लागली.

"आई, गिझर लावलास ना?"

"तो तुझ्यासाठी. नाही लावला तर फोन करून डोकं खाशील."

"आणि पायऱ्या?"

"मी धरून उतरते गं. तू खामखा घाबरतेस."

म्हणजे इतके दिवस मी लक्ष ठेवत होते ते कशावर? एका बटणावर? तिला अडवायला हवं, हे कळतं. पण मुन्शी घाटावरून ओल्या केसांनी परतली तेव्हा किती खुशीत होती.

आत्ता मी बॅग भरत होते, तर मागे येऊन म्हणाली, "घरी आले की बंद करते हो मी. रोज."

'गिझर बंद' असाही निरोप येतो. मी तो आजवर कधी उघडून पाहिला नाही. पुण्याला गेल्यावर आता त्याचीच वाट पाहत जागी राहायचं.